चला, गाव पाहायला!

श्रोतेहो, निवृत्त माणसाला घरात बहुतेक सगळं मिळतं. वेळेवर जेवण मिळतं, औषधाची डबी हाताशी असते, टीव्ही असतो. ऐकणारं माणूस तेवढं मिळत नाही. मुलं कामात आणि नातवंडं अभ्यासात. कट्ट्यावर जावं, तर गप्पा गुडघ्यांपासून सुरू होतात आणि रक्तदाबावर संपतात.

आमच्या नगरमध्ये इतिहासाची आवड असलेल्या काही मंडळींनी यावर एक साधा उपाय काढला. सरकारदरबारी हे शहर २०२४ पासून अहिल्यानगर झालं. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र नगरच बसलंय. तर ही मंडळी महिन्यातल्या एका रविवारी ज्येष्ठांना घेऊन एक जुनी वास्तू पाहायला जातात. एकच वास्तू. सकाळी लवकर निघायचं, सावकाश चालायचं, दम लागला की बसायचं आणि चहा घेतल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. मीही जातो. मी इतिहासाचा पंडित नाही, साधा बी. ए. झालेला कवी. पण जुन्या फारसी-उर्दू शब्दांचा अर्थ सांगायला मंडळींना मी लागतो.

अहमद निजामशहाने वसवलेल्या या गावात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. दमडी मशिदीचं दगडी कोरीवकाम आहे, फराहबागेतला महाल आहे. शहराबाहेर डोंगरावर तीन मजली, अष्टकोनी चांदबीबी महाल आहे. खरं तर ती मूर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये मोगलांशी किल्ला लढवला, म्हणून लोकांनी तिचं नाव डोंगरालाही देऊन टाकलं. हे मी सांगत होतो, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "असू द्या हो. लग्न झाल्यावर आम्ही टांग्याने पायथ्यापर्यंत आलो न् वर चालत गेलो. तेव्हापासून माझ्यासाठी हा चांदबीबीचाच!" मग त्यांनी त्या दिवसाचं सगळं सांगितलं, अगदी डब्यात काय नेलं होतं इथपर्यंत. बरोबरच्या एका कॉलेजच्या मुलीने ते वहीत उतरवून घेतलं. सलाबतखानाचं नाव पुस्तकात सापडेल. टांगा, ती वाट, तो डबा कुठल्या पुस्तकात सापडणार?

एका रविवारी आम्ही भुईकोट किल्ल्यात गेलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात, त्यामुळे प्रत्येकाने ओळखपत्र आणलेलं. १९४२च्या आंदोलनात नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांना इथेच डांबलं होतं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'बद्दल सांगितलं. चहाबद्दल, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांबद्दल मौलानांनी किती प्रेमाने लिहिलंय! आणि १९४३च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, तेव्हा मौलाना याच भिंतींच्या आत होते. शेवटची भेट झाली नाही.

आमच्यात एक निवृत्त कारकून होते. वर्षापूर्वी त्यांची पत्नी गेली होती. चार-पाच सहलींना आले, पण हो-नाहीच्या पलीकडे बोलले नव्हते. त्या दिवशी चहाचा पेला हातात धरून म्हणाले, "मीसुद्धा तेव्हा बाहेरगावी होतो." एवढंच. कुणी समजूत घातली नाही, उपदेश केला नाही. शेजारच्या आजोबांनी बिस्किटांचा पुडा पुढे केला. पुढच्या महिन्यात ते सर्वांच्या आधी येऊन उभे होते.

श्रोतेहो, यासाठी किल्लाच हवा असं नाही. आपल्या गावात वेस असेल, बारव असेल, पडकी गढी असेल, जुना बाजार असेल. दहा माणसं जमवा. बसायला सावली आणि जवळपास स्वच्छतागृह आहे ना, हे आधी पाहून या. ज्यांना चढवत नाही त्यांच्याजवळ एकाने खाली थांबा. तरुण मुलांना बरोबर घ्या आणि त्यांच्या हातात वही द्या. कोण बोललं, कुठल्या सालचं बोललं, ते लिहू द्या. कुणाच्या साल चुकेल, राजाचं नाव चुकेल. ते नंतर तपासता येतं. सांगणारं माणूस मात्र पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

म्हणून येत्या रविवारी शेजारच्या आजोबांना विचारा, "चला, येता का गाव पाहायला?"