पाटीवरचं नाव

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)



माझी ओळख करून देताना 'आयटी क्षेत्रात कार्यरत' एवढंच सांगितलं गेलं. त्यात निवेदकांची काही चूक नाही. माहितीच्या फॉर्मवर मीच तसं लिहून दिलं होतं. व्यवसायाच्या रकान्यात आधी खरं लिहिलं आणि मग खोडलं. म्हटलं, हे स्मरणिकेत छापून येणार, स्मरणिका मराठीच्या बाईंच्या हातात पडणार, आणि याच बाईंनी दहावीत माझ्याकडून व्यसनमुक्तीवर निबंध लिहून घेतला होता. त्याला बक्षीससुद्धा मिळालं होतं.

तर खरं असं की सकाळी मी अजून लॅपटॉपवर काम करते आणि संध्याकाळी कोल्हापुरात स्वतःचा बार चालवते. डिसेंबरमध्ये तीन वर्षं पूर्ण झाली. हसा, हसा. घरी कुणी हसलं नव्हतं.

सुरुवात इंग्लंडात झाली. सांगलीच्या वालचंदमधून इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागले आणि काही वर्षांनी कंपनीने आठ महिन्यांसाठी लीड्सला पाठवलं. मी राहायचे त्या गल्लीच्या टोकाला एक पब होता. पहिले दोन महिने मी समोरच्या फुटपाथवरून जायचे. बारची काळी काच दिसली की रस्ता बदलायचा, हे आपल्या मुलींच्या पायांना कुणी शिकवावं लागत नाही. मग एका रविवारी ऑफिसमधली एक बाई मला तिथे जेवायला घेऊन गेली. आत एक आजी विणकाम करत बसलेली, टेबलाखाली कुत्रं झोपलेलं, दोन म्हातारे एकेक ग्लास पुढ्यात घेऊन तासभर क्रिकेटवरून भांडत होते. मला नवल वाटलं ते उजेडाचं. खिडक्या रस्त्याकडे सताड उघड्या होत्या. पब म्हणजे 'पब्लिक हाउस', कुणीही यावं असं घर, हे तेव्हा कळलं. परवाना ज्याच्या नावावर त्याचं नाव दारावर लिहायची तिकडे जुनी पद्धत आहे. त्या दारावर एका बाईचं नाव होतं.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एकच जागा मला आठवली, गंगावेशीतला दूध कट्टा. रात्री जेवणं उरकून माणसं येतात, म्हशीचं समोर काढलेलं धारोष्ण दूध ग्लासभर पितात आणि घरी जायचं सोडून पेठेतल्या गप्पा मारत बसतात. प्यायला पाच मिनिटं, बोलायला एक तास. मला असं काहीतरी काढायचं होतं, फक्त ग्लासात दुसरं.

हे मनात पुष्कळ वर्षं नुसतंच होतं. पुण्यात २००९ मध्ये 'डुलाली' निघालं, जिथे बिअर तिथल्या तिथे बनवून विकायचे. आमचं अख्खं ऑफिस तिकडे पळायचं. नावसुद्धा आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेलं. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोजीर तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि कंटाळून त्यांचं डोकं फिरायचं, म्हणून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डुलाली' म्हणायला लागले. मीही बिअर बनवण्याचा हिशेब मांडून पाहिला. टाक्या, माल्ट, पाणी शुद्ध करायची यंत्रणा, पगारी जाणकार, आणि खपली नाही तर फेकून द्यायची बिअर. माझ्या पीएफमध्ये त्यातली एक टाकीही बसली नसती. तो नाद सोडला. २०२० मध्ये लॉकडाउन लागला, घरून काम सुरू झालं, आम्ही कोल्हापूरला परत आलो, आणि मी साध्या परमिट रूमची चौकशी करायला लागले.

'परमिट रूम' हा शब्द आपण लहानपणापासून पाट्यांवर वाचतो, पण त्याचा अर्थ मला चाळिशीत कळला. आपल्या राज्यात दारूचा जो कायदा आहे तो मुळात दारूबंदीचा आहे, १९४९ चा. म्हणजे पिण्याला बंदी, आणि ज्याच्याकडे परमिट आहे त्याला सूट. ज्या खोलीत परमिटवाल्यांनीच बसायचं ती परमिट रूम. ते परमिट प्रकृतीस्वास्थ्यासाठी दिलं जातं आणि एका दिवसाचं पाच रुपयांना मिळतं. माझ्या काउंटरवर त्यांचं पुस्तक असतं. सौम्य बिअरला वय २१ पूर्ण लागतं, कडक दारूला २५. चोविशीतली, दाढीमिशा आलेली पोरं 'मॅडम, लग्न झालंय माझं' म्हणून वाद घालतात. लग्नाला २१ चालतात, व्हिस्कीला चालत नाहीत.

वाइन शॉपचे नवे परवाने सत्तरच्या दशकापासून दिलेले नव्हते, म्हणून त्यांना सोन्याचा भाव. परमिट रूमचा, म्हणजे एफएल-थ्री परवाना मात्र नवा मिळतो. आता जागा हवी. पहिली जागा व्हीनस कॉर्नरच्या बाजूला स्वस्तात मिळत होती. का स्वस्त, ते भिंतीवर दिसलं. २०१९ च्या पुराची रेघ माझ्या छातीपर्यंत होती, आणि मी बघायला गेले तेव्हा २०२१ चा पूर नुकता ओसरला होता. दुसरी जागा उत्तम, पण शाळा आणि देवळापासून ७५ मीटर अंतर लागतं. मी आणि आमचे दाजी पहाटे टेप घेऊन गेलो आणि एका बालवाडीच्या फाटकापासून मोजलं. ६८ भरले. दाजी म्हणाले, 'टेप जरा ढिला धरू या की.' मी नको म्हणाले. (परवाना वाचला म्हणून नव्हे, बालवाडी खरंच तिथे होती म्हणून.) तिसरी जागा जमली. मग महापालिका, अग्निशमन, अन्न परवाना, पोलिसांचा चारित्र्य दाखला, उत्पादन शुल्क, शेवटी जिल्हाधिकारी. चौदा महिने गेले. एका कार्यालयात एक साहेब फाइल चाळून म्हणाले, 'मिस्टरांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.' मी म्हटलं, मिस्टर शिक्षक आहेत, त्यांना यातलं काही कळत नाही.

आता घरचं सांगते. माझे मामा दारूने गेले, ४३ व्या वर्षी. साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. आपल्याकडची बरीचशी स्वस्त व्हिस्की उसाच्या मळीपासून बनते. मामांनी आयुष्यभर ऊस तोलला आणि तोच त्यांना घेऊन गेला, असं आई म्हणायची. पुढे आजोळच्या गावात दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं. नियम कडक आहे. आधी गावातल्या पाव हिस्सा महिला मतदारांच्या सह्या, मग गुप्त मतदान, त्यात आडवी बाटली की उभी बाटली. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या मतांनी भागत नाही, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. मामी दारोदार फिरली. मुंबई-पुण्याला नांदायला गेलेल्या ज्या पोरींची नावं अजून यादीत होती, त्यांना फोन करून बोलावून घेतलं. बाटली आडवी झाली, दुकान बंद झालं.

अशा घरात मी परवान्याची फाइल घेऊन आले. आई दोन महिने बोलली नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, व्यवहारी माणूस. ते म्हणाले, 'काढायचाच तर काढ, पण पाटीवर नाव तुझं नको. दाजींचं लाव. बाईमाणसाचं नाव दारूच्या पाटीवर बरं दिसत नाही.' मी त्यांना सांगितलं, उत्तरेत कायदाच होता की जिथे दारू पितात तिथे बाईला नोकरीलासुद्धा ठेवायचं नाही, आणि २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. आण्णा म्हणाले, 'न्यायालय आपल्या गल्लीत राहत नाही.'

आणि मामी? मामी एवढंच म्हणाली, 'तुझ्या मामांना कुणीच पुरे म्हटलं नाही. तू म्हणशील का?' मी 'म्हणीन' म्हटलं. सोपं वाटलं होतं.

पाटी लागली. परवाना क्रमांक आणि खाली माझं पूर्ण नाव. काच काळी लावली नाही, साधी लावली. पहिल्या महिन्यात त्या काचेमुळेच गिऱ्हाईक येईना. लोक दारापर्यंत यायचे, आत पाहायचे, मग आपण बाहेरून दिसतोय हे लक्षात येऊन पुढे जायचे. शेवटी निम्म्या उंचीपर्यंत पडदा लावला. डोकी दिसतात, ग्लास दिसत नाहीत. ही तडजोड आण्णांची, आणि ती चालली.

धंद्याचं थोडक्यात सांगते, कारण इथे दोघा-तिघांनी मघाशी जेवताना विचारलं. ७५० च्या बाटलीत ६० चे साडेबारा पेग बसतात. माझ्याकडे साडेअकरा भरायचे. मला वाटलं चोरी. रोजचा साठा आणि विक्री जुळवायला एक छोटा प्रोग्राम लिहिला, त्यात कळलं की काउंटरवरचा पोरगा नेहमीच्या लोकांना प्रेमाने जास्त ओततो. वीस वर्षांच्या नोकरीत लिहिलेल्या कुठल्याच प्रोग्रामने मला इतके पैसे वाचवून दिले नाहीत. २०२३ च्या नोव्हेंबरात परमिट रूमवरचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला, मागच्या वर्षी शुल्क वाढलं, १४ जुलैला राज्यभर बार बंद ठेवले त्यात मीही होते. कमाई खरी स्वयंपाकघरात आहे. कोल्हापूरकर बार दारूसाठी निवडत नाही, मटणासाठी निवडतो. आमच्या काकींनी आधी वीस वर्षं खानावळ चालवली आहे. त्यांचा पांढरा रस्सा संपला की अर्धं गिऱ्हाईक उठून जातं.

जे मला जमलं का नाही ते अजून कळलेलं नाही, ते आता सांगते.

दुसऱ्या वर्षी एक दुपारी एक बाई आली. माझ्याच वयाची, बरोबर शाळेच्या गणवेशातली मुलगी. आत नाही आली, पायरीवर उभी राहिली. पाटीकडे बोट करून म्हणाली, 'हे तुमचं नाव का? बाईचं नाव बघून आले, नाहीतर आले नसते.' मग नवऱ्याचं नाव सांगितलं. तो आमचा रोजचा माणूस होता. कधी आवाज चढवला नाही, उधारी ठेवली नाही, जाताना काकींना नमस्कार करायचा. ती म्हणाली, 'त्यांना देऊ नका. पगार तुमच्याकडे संपतो.'

त्या संध्याकाळी मी त्याला बसवलं, रस्सा-भाकरी खाऊ घातली आणि सांगितलं की इथे आता तुम्हाला जेवण मिळेल, दुसरं नाही. तो लाजला. भाकरी अर्धी टाकून उठला आणि समोरच्या बारमध्ये गेला. तिथे काच काळी आहे. पुढे सहा महिने मी त्याला रोज माझ्या खिडकीतून तिकडे जाताना पाहिलं. माझ्याकडे होता तेव्हा तीन पेगांवर उठायचा, कारण आमचा पोरगा रेंगाळायचा आणि काकी 'जेवून घ्या' म्हणून मागे लागायच्या. तिथे किती घेत होता, माहीत नाही. मग तो दिसेनासा झाला. बदली झाली असेल, सुटली असेल, काहीही असेल. ती बाई परत आली नाही. मी मामीला हे सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, 'तिने सांगितलं आणि तू ऐकलंस, एवढं झालं.' पुढे काही बोलली नाही, आणि मी बरोबर केलं असंही म्हणाली नाही.

आता काउंटरमागे एक वही आहे. त्यात पाच नावं आहेत, पाचही घरच्यांनी येऊन दिलेली. त्यातले तिघं समोर जातात. दोघं अजून माझ्याकडे येतात आणि जेवून जातात.

बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. माझा बार तुमच्या संध्याकाळच्या फिरण्याच्या रस्त्यावरच आहे. मागच्या दिवाळीच्या आधी तुम्ही पाटीसमोर थांबून चष्मा वर करून नाव वाचलंत. मी पडद्याच्या वरून पाहत होते, आणि इंजिनिअर झालेली, दोन मुलांची आई असलेली मी पटकन फ्रिजच्या आड सरकले. तुम्ही थोडा वेळ उभ्या राहिलात आणि गेलात. आत्ता मी आडोशाशिवाय उभी आहे, तुम्हाला जे म्हणायचं असेल ते म्हणा.

स्मरणिकेच्या संपादकांकडून मी फॉर्म परत मागून घेतला आहे आणि रकाना दुरुस्त करून दिला आहे. आणि बाई, दुपारी आमच्याकडे गर्दी नसते, खिडकीजवळचं टेबल मोकळं असतं. सोलकढी काकी स्वतः करतात.