सायकलीची कैफियत



ज्या व्यासपीठावरून वाङ्मय, इतिहास आणि धर्मचिंतन यांचा परामर्श घेतला जातो, तेथे सायकलीची झिजलेली साखळी हा विषय मी बुद्ध्याच निवडला आहे. कारण हातातील यंत्राची जाण हीदेखील विद्याच आहे, आणि तिची मराठी परंपरा सामान्य नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बंधू रामुअण्णा यांच्या साहाय्याने १८८८ साली बेळगावात जे दुकान थाटले, ते सायकलींच्या विक्रीचे व दुरुस्तीचे होते. त्या दुकानातूनच पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर निघाले, १९१० साली औंध संस्थानाच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली, आणि आपल्या इंदूरशेजारच्या देवासचा पंपांचा कारखाना ही त्याच वंशवेलीची शाखा होय. परक्याने घडविलेले यंत्र खोलावे, त्याची झीज पाहावी, दोषाचे मूळ शोधावे, आणि हे करता करता स्वतः यंत्र घडविण्याची पात्रता अंगी यावी, असा तो क्रम होता.

मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल यांच्या भोंग्यांवर ज्या इंदुराची सकाळ उजाडत असे, त्या शहरात सायकल ही चैन नव्हती, उपजीविकेचे साधन होते. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, रस्त्यांवर स्वयंचलित वाहनांची गर्दी झाली. तरी जुन्या इंदूरच्या अरुंद गल्ल्यांतून कामावर जाणाऱ्या कित्येकांचा संसार आजही याच दोन चाकांवर चालतो. अशा माणसाची सायकल कुरकुरू लागली म्हणजे तो तिला दुकानी नेतो, आणि पुष्कळदा जो भाग निर्दोष होता तोच बदलून परततो. हे टळावे, एवढ्याचसाठी आजचा हा प्रपंच आहे. आवाज ही यंत्राची कैफियत आहे, आणि कैफियत ऐकून घेतल्याविना निकाल देणे न्यायाचे नाही. म्हणून कान आणि फूटपट्टी आधी, पाना मागाहून, हा माझा सिद्धान्त आहे.

प्रथम साखळीचे स्वरूप पाहू. हान्स रेनोल्ड यांनी १८८० साली मँचेस्टर येथे जी रोलर चेन सिद्ध केली, तिचेच तत्त्व आजही आपल्या सायकलीत आहे. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. साखळी ‘ताणली’ असे आपण म्हणतो, परंतु पोलाद ताणले जात नाही. प्रत्येक पिन आपल्या घरात किंचित झिजते, आणि शंभराहून अधिक ठिकाणची ती किंचित झीज एकत्र होऊन साखळी लांब होते. माळव्याच्या काळ्या मातीची धूळ तेलात कालवली गेली, की तिचा खरडणारा लेप होतो आणि झीज वेगाने वाढते. यास्तव साखळीवर तेल ओतणे ही तिची सेवा नव्हे. रॉकेलने धुऊन, वाळवून, प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडावा, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि बाहेरचे तेल फडक्याने पुसून टाकावे.

आता माझ्या हातातील ही जुनी साखळी पाहावी. ती ताठ धरून एका पिनेच्या कडेवर फूटपट्टीचा शून्य ठेवला, तर तिच्यापुढच्या चोविसाव्या पिनेची तीच कड बरोबर १२ इंचांवर यावयास हवी. ती १/१६ इंच पुढे गेली, तर नव्या साखळीची तजवीज करावी. १/८ इंच पुढे गेली, तर साखळीने आपल्याबरोबर दातेही खाल्ले असण्याचा संभव आहे. ही साखळी १/८ च्याही पुढे गेलेली आहे, आणि तिच्यासोबतच्या या फ्रीव्हीलचे दाते एका बाजूस आकड्यासारखे वाकलेले आपणांस दिसतील. अशा दात्यांवर नवी साखळी चढविली, तर जोर देताच ती उडी मारते, आणि बिचाऱ्या नव्या साखळीला बोल लागतो. स्वस्त साखळी मुदतीत बदलली, तर महाग चक्रे वाचतात. हा हिशेब प्रत्येक घराने ध्यानी ठेवावा.

आवाजाचे निदान त्याच्या तालावरून होते. पायडल थांबवून सायकल नुसती घरंगळू दिली असताही आवाज चालूच राहिला, तर साखळी निर्दोष आहे. चाक, मडगार्ड किंवा हबचे छर्रे तपासावेत. फ्रीव्हीलची त्या वेळची टिकटिक मात्र स्वाभाविक समजावी. पायडलाच्या प्रत्येक फेरीत ठरावीक जागी ‘टक्’ होत असेल, तर क्रँकला अक्षावर घट्ट धरणारी कॉटर पिन, पायडल किंवा बॉटम ब्रॅकेटचा (बी.बी.चा) अ‍ॅक्सल यांपैकी कोणी तरी ढिले आहे. सुमारे अडीच फेऱ्यांनी एकदा खटका बसत असेल, तर साखळीची एखादी कडी आखडलेली आहे. कारण पुढच्या चक्राला ४४ दाते आणि साखळीला ११० च्या आसपास कड्या असल्या, म्हणजे तीच कडी तेवढ्या फेऱ्यांनीच पुन्हा दात्यावर येते. सीटवरून उठून चालविताच आवाज नाहीसा झाला, तर दोष सीटचा आहे, आणि साखळीवर केलेला सर्व खर्च व्यर्थ गेला असता.

दुरुस्तीत तीन गोष्टी विशेष सांभाळाव्यात. साखळी जोडणाऱ्या कडीच्या क्लिपचे बंद टोक साखळीच्या गतीच्या दिशेस असावे, अन्यथा ती वाटेत निसटते. ढिल्या कॉटरचे नट नुसते आवळून भागत नाही. खालून भक्कम आधार देऊन कॉटर हातोडीने बसवावी, मग नट आवळावे, आणि नवी घेताना जुनी नमुन्यादाखल बरोबर न्यावी. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर केल्यास क्रँकच कामातून जातो. फ्रीव्हील उतरविण्यास त्याच्या खाचांत बसणारे हत्यार आणि भक्कम शिकंजा लागतो. ते घरी नसल्यास तेवढ्या कामापुरते मिस्त्रींकडे जाण्यात कोणताही कमीपणा नाही. उलट, दोष नेमका सांगू शकणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम जाणता मिस्त्री अधिक आस्थेने करतो.

माझी विनंती एवढीच, की येत्या रविवारी घरातील मुलामुलींना सायकलीपाशी बसवावे, चोवीस कड्या त्यांच्याकडून मोजवून घ्याव्यात, आणि आवाज कोठून येतो हे प्रथम त्यांनाच सांगू द्यावे. त्यांचे उत्तर चुकले तरी चिंता नाही. फूटपट्टी ते दुरुस्त करील. कारणाचा शोध घेतल्याविना भाग बदलावयाचा नाही, ही शिस्त ज्या मुलाच्या अंगी बाणली, ते मूल पुढे कोणत्याही यंत्रासमोर लाचार होणार नाही.