आठवीनंतरची मधली सुट्टी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून संयोजकांनी मला शाळा आणि तंत्रज्ञान यावर बोलायला सांगितलं. आपण जमवलेल्या निधीतून डिजिटल वर्ग उभा करायचा विचार आहे, तो चांगलाच आहे. पण मला आधी जेवणाबद्दल बोलायचंय. पंगतीची घाई झालेल्यांनी पाच मिनिटं सांभाळून घ्यावं.

आपल्या वेळी मधल्या सुट्टीत गोल करून डबे उघडायचे आणि सगळ्यात आधी लोणचं संपायचं. त्या गोलात न येणारी तीन-चार मुलं प्रत्येक तुकडीत असायची. कुणी नळावर पाणी पिऊन यायचं, कुणी ‘आज उपास आहे’ म्हणायचं. आठवड्यातून चार उपास कुणी करत नाही, एवढं गणित आपल्यालाही येत होतं. बाईंना तर येतच होतं. काही बाईंचा डबा कायम दोन माणसांचा असायचा, हे आज त्यांच्यासमोर सांगायला हरकत नाही.

आपण दहावीत होतो त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली. तामिळनाडू यात फार पुढे होतं. तिथे कामराज मुख्यमंत्री असताना १९५० च्या दशकातच शाळेत जेवण सुरू झालं आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ते मोठ्या प्रमाणावर वाढवलं. आपल्याकडे मात्र सुरुवातीला शिजवलेलं अन्न नव्हतं. ज्याची हजेरी पुरेशी भरेल, त्याला महिन्याला तीन किलो तांदूळ. धाकट्या भावंडांनी पिशवीतून आणलेला तो तांदूळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तो घरी गेला की सगळ्या घराचा व्हायचा. त्यातून मुलाच्या ताटात किती पडायचा, ते घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरायचं.

हे बदललं ते सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने. वर्षातले किमान २०० दिवस, किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असलेलं शिजवलेलं जेवण शाळेतच द्या, असा तो आदेश होता. शाळाशाळांतून खिचडीचा वास येऊ लागला तो त्यानंतर. खिचडीला आपण नावं ठेवतो, पण ती शिजते तेव्हा ती त्या मुलाच्याच पोटात जाते. आणि सगळ्या आळ्यांतली मुलं एका रांगेत बसून जेवतात.

याचा उपयोग किती लांबवर जातो पाहा. २०२१ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये भारतातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलींना प्राथमिक शाळेत हे जेवण मिळालं होतं, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या मुलांची वयानुसार उंची अधिक चांगली आढळली. म्हणजे आज वाढलेलं ताट पुढच्या पिढीपर्यंत पोचतं.

आता आपल्या शाळेकडे येऊ. इथे पाचवी ते आठवीला आहार मिळतो, नववी-दहावीला नाही. हा काही मुख्याध्यापकांचा निर्णय नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शाळेतल्या जेवणाचा हक्क दिला तो आठवीपर्यंत, म्हणजे सहा ते चौदा या वयोगटाला. म्हणून एप्रिलमध्ये रांगेत ताट घेऊन बसणारी मुलगी जूनमध्ये नववीत जाते आणि त्या रांगेतून उठते. वाढीचं वय तेच, घरची परिस्थिती तीच, गणित मात्र अवघड झालेलं. माझ्या कामात मी रोज पाहते, की ज्याची नोंद ठेवायला रकानाच नाही, ते अहवालात कधीच दिसत नाही. आठवीपर्यंतच्या ताटांचा आकडा रोज वर कळवला जातो. नववीच्या भुकेला रकानाच नाही.

हे अशक्य आहे का? तामिळनाडू आणि कर्नाटक राज्यं स्वतःच्या पैशाने दहावीपर्यंत जेवण देतात. आपल्यापुरता हिशेब मी मांडलाय. आपल्या नववी-दहावीत मिळून १२० मुलं आहेत. सहावी ते आठवीचं सरकारी प्रमाण धरलं, म्हणजे माणशी १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल, तर रोज लागतील १८ किलो तांदूळ, ३ किलो ६०० ग्रॅम डाळ, ९ किलो भाजी आणि ९०० ग्रॅम तेल. गॅस आणि मसाला वेगळा. शिवाय शिजवणाऱ्या ताई हव्यात. त्यांना केंद्राने २००९ साली ठरवलेलं मानधन महिना १००० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. आपण ठेवू त्या ताईंना तरी नीट पैसे देऊ.

कुणी म्हणेल, हे सरकारचं काम आहे. अगदी खरं, आणि आठवीची अट काढा असं निवेदन आपण सगळ्यांच्या सह्यांनी द्यावंच. पण निवेदनाचं उत्तर येईपर्यंत आताची नववी दहावी होऊन शाळेबाहेर पडलेली असेल.

म्हणून माझी सूचना अशी: डिजिटल वर्गाचा पडदा एक वर्ष पुढे ढकलू. त्या निधीतून येत्या जूनपासून नववी-दहावीचं जेवण सुरू करू. आठवीपर्यंतच्या मुलांच्या शिध्याला हात न लावता, वेगळा हिशेब ठेवून. जेवण सगळ्यांना सारखं, अर्ज भरायला लावून नाही. नाहीतर पुन्हा कुणीतरी ‘उपास आहे’ म्हणेल. हिशेबाची प्रणाली मी विनामूल्य करून देते, दर महिन्याचा खर्च आपल्या ग्रुपवर येईल.

मतभेद असतील तर जेवताना भांडू, पण संध्याकाळी निघण्यापूर्वी ठरवून जाऊ.