छायाचित्रावरून शहर ओळखणे
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



परिसर अभ्यासाच्या तासास पुतळ्यांची व स्मारकांची छायाचित्रे दाखवून 'हे शहर कोणते?' असे विचारण्याचा खेळ आपल्यापैकी पुष्कळ जण घेत असतात. खेळ चांगला आहे. परंतु बहुतेक वर्गांत तो ज्याने मुंबई पाहिली त्याच्या पदरात गुण टाकण्याचा प्रकार होऊन बसतो. तालुक्याच्या गावापलीकडे न गेलेले मूल मागच्या रांगेत गप्प राहते. यास्तव 'कोणते शहर?' याच्या पाठोपाठ 'कशावरून?' असे विचारावे, आणि अधिक गुण या दुसऱ्या प्रश्नास ठेवावेत, अशी माझी सूचना आहे.

पुतळा कोणाचा, एवढ्यावरून शहर कळत नाही. गांधीजींचे, डॉ. आंबेडकरांचे, शिवछत्रपतींचे पुतळे किती गावांत आहेत! दिल्लीत सरदार पटेल मार्गालगत देवीप्रसाद रॉयचौधरी यांनी घडविलेला 'ग्यारह मूर्ती' हा शिल्पसमूह आहे. काठी घेऊन पुढे निघालेले गांधीजी आणि त्यांच्यामागून येणारे दहा जण. १९३० ची यात्रा ज्यास ठाऊक आहे तो विद्यार्थी 'दांडी' असे उत्तर देईल. ते चुकीचे खरे, पण निराधार नव्हे, कारण दांडी येथेही २०१९ पासून गांधीजी व ऐंशी यात्रेकरू यांच्या पुतळ्यांचे स्मारक आहे. अशा वेळी दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून मुलांस माणसे मोजू द्यावीत. (२०१६ मध्ये चलनातून गेलेल्या पाचशेच्या नोटेच्या पाठीवर होता तो दिल्लीचाच समूह.)

त्यानंतर नजर चौथऱ्याकडे वळवावी. तमिळ, बंगाली, गुजराती अक्षरे वाचता आली नाहीत तरी वेगळी ओळखता येतात. लिपी देवनागरी असेल तर 'ळ' शोधावा, 'आहे' शोधावे. मात्र येथेही घाई नको. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. तो लेख पाहून मूल 'सातारा' म्हणाले, तर त्यास रागावू नये. मराठी तेथे कशी पोहोचली, हे सांगण्याची याहून चांगली संधी पाठ्यपुस्तक देणार नाही.

छायाचित्र केव्हाचे, हेही विचारावे. मुंबईच्या काळा घोडा भागातील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलविण्यात आला. आज तो राणीच्या बागेत आहे. नाव मात्र त्या जागेस चिकटून राहिले, आणि २०१७ मध्ये तेथे नवा घोडा उभा राहिला, स्वाराविना.

आता ज्या गावी पुतळाच नाही तेथील शिक्षकांची अडचण. माझ्या पाहण्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेने आरंभ मारुतीच्या देवळाजवळच्या वीरगळापासून केला. खाली लढाई, मध्ये वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य; खालून वर वाचावयाचा हा दगड मुलांनी आठवड्याभरात आत्मसात केला. मग बाईंनी मुंबईच्या हुतात्मा चौकाचे छायाचित्र पुढे ठेवले. एक मुलगी म्हणाली, "हाही वीरगळच आहे. पण यात राजा नाही. शेतकरी आणि कामगार मिळून मशाल धरून उभे आहेत, म्हणजे दोघे मिळून कशासाठी तरी लढले." शहर तिला सांगता आले नाही. शेजारचे १८६४ चे फ्लोरा फाउंटन दाखविले, तेव्हा ती एवढेच म्हणाली की ही दोन्ही एकाच लोकांनी बांधलेली दिसत नाहीत.

प्रचलित पद्धतीने या मुलीस शून्य गुण मिळतात. 'मुंबई' हा एक शब्द पाठ केलेल्यास पूर्ण. बाईंनी तिला दहापैकी आठ दिले व दोन शहराच्या नावासाठी राखून ठेवले. मला ही वाटणी योग्य वाटते. कोणास कमीअधिक करावीशी वाटल्यास आपण चर्चेत बोलू.

छायाचित्रांखालील नावे झाकून ठेवावीत, उत्तर पाठीमागे लिहावे. पुढील मेळाव्यास प्रत्येक शाळेने आपल्या गावच्या वीरगळाचे, समाधीचे वा स्मारकाचे असे एक छायाचित्र आणावे. ती आपण शाळाशाळांत बदलून देऊ.