लाकडी बैल आणि त्याची चाके



'बालपणीचे खेळ व खेळणी' हा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिला, तेव्हा मी जरा चमकलोच. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर आणि गिरणीच्या फाटकावर झाले. आजवर मी बोलत आलो तो बोनस, हजेरी आणि कंत्राटी पद्धत यांवर. परंतु विचार करू लागलो तसे ध्यानात आले की, हा विषय माझ्या कामापासून तितकासा लांब नाही.

गिल्ली-डंडा, कंचे, भोवरा, संक्रांतीचा मांजा ही नावे घेतली की सभागृहातील प्रौढ मंडळी हसू लागतात, आताही हसलीच. त्यांत मी फार वेळ घेत नाही, कारण ते खेळ सगळ्या गावांचे आहेत. आपला नागपूरकरांचा खास खेळ म्हणजे तान्हा पोळा. भोसल्यांच्या राजवटीत दुसऱ्या रघूजीराजांच्या काळी तो सुरू झाला, असे परंपरा सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकीकडे काळी आणि पिवळी मारबत निघालेली असते, आणि दुसरीकडे पोरे लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा मागत हिंडतात. बोजारा ही भीक नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो. बैल दारात उभा केला की घरधन्याने काहीतरी द्यायचेच, हा पोरांचा हक्क. वर्गणी मागताना मान खाली घालायची नाही, हे मी पुढे युनियनमध्ये शिकलो असे लोक समजतात. खरे म्हणजे ते मी नवव्या वर्षी शिकलो.

साल १९७९. शेजारच्या घरी महालातून विकत आणलेला, हातभर उंचीचा, रंगवलेला बैल आला होता. मी बाबांपाशी हट्ट धरला. बाबा गिरणीत साच्यावर होते. पहिली पाळी सुटली की दुपारी ओट्यावर बसून त्यांनी खोक्याच्या फळीतून बैल कोरायला घेतला. कानसीने त्याचे वशिंड घासताना ते बिडी पेटवायचेही विसरत. ही दुपार त्यांना कोठून मिळाली, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना कारखाना कायद्याची दुरुस्ती मांडली गेली आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. माझ्या बैलाचे वशिंड त्या सहा तासांतून निघाले, असा माझा हिशेब आहे.

बैल झाला; चाके मात्र होईनात. बाबा म्हणत होते, बॉबिनच्या बुडख्याच्या गोल चकत्या कापू. पण ऐन पोळ्याला त्यांनी बूट-पॉलिशच्या डब्यांची झाकणे ठोकली. बैल चालला की खडखडाट होई. पोरे हसली. मी बोजारा न मागताच घरी आलो आणि बैल अंगणात भिरकावला. माय म्हणाली, "कायले रडून राहिला बे? बापानं केला ना तुह्यासाठी!" बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी बैल उचलला, पुसला आणि कोनाड्यात ठेवला.

पुढे मी बदली कामगार म्हणून लागलो, तेव्हा कागद शोधताना बाबांच्या पेटीत एक इंग्रजी पत्र सापडले. शब्दकोश घेऊन रात्रभर मी ते वाचले. फाटकावरच्या झडतीत डब्याच्या पिशवीत चार मोडक्या बॉबिनी सापडल्या. सबब चार दिवस बिनपगारी आणि सक्त ताकीद. तारीख पोळ्याच्या आठवड्यातली होती. मी पुरते वाचलेले पहिले इंग्रजी पत्र ते. मोडकी असली तरी बॉबिन गिरणीची होती, हे मी नाकारीत नाही. त्या चार दिवसांत बाबा रोज वेळेवर डबा घेऊन घराबाहेर पडत, एवढे मला आठवते. जात कोठे, ते मी विचारले नाही. आता विचारायला ते नाहीत.

पुढे वाचनालयात शूद्रकाचे मृच्छकटिक हाती आले. चारुदत्ताचा मुलगा शेजाऱ्याच्या सोन्याच्या गाडीसाठी रडतो, त्याला मिळालेली असते मातीची. वसंतसेना आपले दागिने त्या गाडीत भरते. आणि तेच दागिने पुढे न्यायसभेत बापाविरुद्ध पुरावा ठरतात! विद्वान लोक त्या नाटकातील शृंगाराची वाखाणणी करतात. मी मात्र त्या खेळण्याच्या गाडीपाशीच अडकलो.

आता दूरदर्शनाविषयी थोडे. आमच्या चाळीत पहिला संच १९८४ साली आला, 'हम लोग' सुरू झाले त्या वर्षी. एका खोलीत तीस माणसे, आणि आम्ही खिडकीच्या गजांना लोंबकळलेले. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. दूरदर्शनाने खेळ मारले असे म्हणण्याची प्रथा आहे. मला ते पुरते पटत नाही. मालिका संपली की आम्ही त्याच खोलीतून उठून बांबूच्या कामट्यांचे धनुष्यबाण करीत होतो. खेळ आटले ते मैदानांवर इमले चढले आणि बापांच्या दुपारी गेल्या तेव्हा. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली. गिरण्या गेल्या तसे भोंग्याने बांधलेले दिवसही गेले.

आज हिंगणा-बुटीबोरीच्या कंत्राटी कामगारांत मी काम करतो. कागदावर आठ तास, प्रत्यक्षात बारा. त्यांची मुले तान्ह्या पोळ्याला बाजारातला बैल आणतात, छानच असतो. पण त्याची दोरी धरायला बाप घरी नसतो. त्या दिवशी सरकारी कचेऱ्यांना बहुधा स्थानिक सुटी मिळते, यांना नाही. यंदा एका कारखान्यात आम्ही मागणीपत्रात अकरावे कलम घातले आहे: तान्ह्या पोळ्याला दुपारनंतर भरपगारी सुटी. आमचेच काही सोबती हसले, म्हणाले, पगारवाढ सोडून हे काय पोरखेळ! मी ते कलम काढले नाही. व्यवस्थापनाचे उत्तर अजून आलेले नाही. पोळ्याला साडेतीन महिने आहेत.