टेंपल मास्तर आणि त्यांच्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 विषय निवडण्याची मोकळीक मला मिळाली होती. हळदीकुंकू, पाककला, आरोग्य यांवर येथे अधिकारवाणीने बोलणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. मी मुलींच्या शाळेत चोवीस वर्षे व्यायामशिक्षिका होते. तेव्हा मैदानावरच्या एका माणसाविषयी बोलावे, असे मी ठरविले.

हा माणूस आपल्या गावचा नव्हे, देशाचाही नव्हे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात नॅशव्हिल नावाचे शहर आहे. तेथील टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात एडवर्ड टेंपल हे मुलींना धावण्याचे शिक्षण देत असत. मी त्यांना मनाशी 'टेंपल मास्तर' म्हणते. त्यांना मी कधी पाहिले नाही. पण ज्या कामात माझे आयुष्य गेले, त्या कामातला हा माझा मोठा भाऊ, असे मला नेहमी वाटत आले आहे.

टेंपल यांचा जन्म १९२७ सालचा. ते याच महाविद्यालयात शिकले आणि १९५० साली तेथेच मुलींच्या संघाचे मार्गदर्शक झाले. पगार महिना १५० डॉलर, आणि तेवढ्यातच महाविद्यालयाचे टपालघरही सांभाळावयाचे! पुढे ते समाजशास्त्र शिकवू लागले. मैदान म्हणजे मातीची साधी धावपट्टी. तिच्यावर फक्कीच्या रेषा आखावयाच्या त्या मास्तरांनी स्वतःच. आपल्याकडच्या शाळांतील व्यायामशिक्षकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

त्यांच्यापूर्वी या वाटेवर कोणी चाललेच नव्हते, असे मात्र नाही. शेजारच्या अलाबामा राज्यात टस्कीगी येथे क्लीव्ह ॲबट नावाचे क्रीडासंचालक होते. त्यांनी १९२७ मध्ये मैदानी स्पर्धा सुरू केल्या आणि पुढे दोन वर्षांनी त्यांत मुलींच्या शर्यती घातल्या. टस्कीगीत शिकलेली ॲलिस कोचमन हिने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उंच उडीत सुवर्णपदक मिळविले. हा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ॲबट यांनी नांगरलेल्या जमिनीत टेंपल यांनी पीक काढले, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

त्या काळी तेथील परिस्थिती कशी होती, हे थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांच्या उपाहारगृहात काळ्या माणसाला बसता येत नसे. बसमध्ये जागा मागची. प्रवासात शौचगृहसुद्धा वेगळे, आणि ते नसेल तर नाहीच. मास्तर मुलींना मोटारीत घालून दुसऱ्या गावी स्पर्धेला नेत, तेव्हा बरोबर शिदोरी बांधून न्यावी लागे, आणि निसर्गाच्या हाकेला रस्त्याकडेच्या शेतात उतरावे लागे. अशा प्रवासानंतर त्या मुली मैदानात उतरत आणि पहिल्या येत.

दुसरी अडचण बाई असण्याची. ती तर आपल्या चांगल्याच परिचयाची आहे. धावण्याने मुलीची जात पुरुषी होते, तिला मूल होत नाही, तिचे रूप जाते, असे तेव्हा शिकलेली माणसेही म्हणत. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. शर्यत संपल्यावर धावणाऱ्या दमलेल्या दिसल्या, एवढ्यावरून ती शर्यतच बंद झाली, ती थेट १९६० पर्यंत! पुरुष धावून दमला तर शूर, आणि बाई दमली तर नाजूक, असा हा न्याय.

मास्तरांनी या समजुतीशी वाद घातला नाही. त्यांनी मुलींना दोन गोष्टी शिकविल्या. धावावयाचे ते असे, की पाहणाऱ्याचे तोंड बंद झाले पाहिजे. आणि धावून आल्यावर केस नीट करून, तोंड पुसून, ताठ मानेने चारचौघांत उभे राहावयाचे. त्यांच्या संघाचे नाव टायगरबेल्स. त्यात वाघीणही आहे आणि सुंदरीही. मुलीने दोहोंपैकी एकच निवडावे, हे मास्तरांना मान्य नव्हते.

शिस्त मात्र कडक. उन्हाळ्यात शाळकरी मुलींचे शिबिर असे. पहाटेपासून दिवसातून तीन-तीन वेळा धावावयाचे. उशिरा आलेल्या मुलीला उशिराच्या प्रत्येक मिनिटाला एक फेरी. एकदा विल्मा रुडॉल्फ अर्धा तास झोपून राहिली. मास्तरांनी तिला तीस फेऱ्या घालावयास लावल्या. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधी येऊन बसली! मुलांच्या मोटारीत बसावयाचे नाही, हाही नियम होता. आजच्या मुलींना तो जाचक वाटेल, आणि त्यांचे अगदीच चुकते असे मी म्हणणार नाही. पण मुलींच्या आयांनी आपली लेक ज्याच्या स्वाधीन केली, त्याला त्या विश्वासाचे ओझे वाटत होते, हेही आपण ध्यानात घेतले पाहिजे. मास्तरांच्या पत्नी चार्ली बी. याही मुलींकडे आईच्या मायेने पाहत. परगावी आलेल्या पोरीला त्याचा केवढा आधार!

आता या विल्माविषयी. तिचा जन्म १९४० सालचा. वडिलांच्या बावीस मुलांतली ती विसावी. जन्मतःच अशक्त, त्यातून न्यूमोनिया झाला, तांबडा ताप झाला, आणि शेवटी पोलिओने डावा पाय गेला. आई लोकांच्या घरी कामाला जाई. तरी ती माउली लेकीला घेऊन क्लार्कस्व्हिलहून नॅशव्हिलच्या रुग्णालयात, सुमारे ५० मैल, बसने वर्षानुवर्षे जात राहिली. घरी आई आणि भावंडे पाळीपाळीने पाय चोळून देत. बाराव्या वर्षाच्या सुमारास तिचे आधाराचे जोडे सुटले. पुढे ती बास्केटबॉल खेळू लागली. तेथे पंच म्हणून आलेल्या टेंपल मास्तरांची नजर तिच्यावर पडली. सोळाव्या वर्षी, १९५६ साली, तिने मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये रिले शर्यतीत कांस्यपदक मिळविले. त्या रिलेतल्या चारही मुली मास्तरांच्याच.

भगिनींनो, यापुढची गोष्ट सांगण्यासाठीच मी आज उभी आहे. १९५८ साली शाळेचे शिक्षण संपत असतानाच विल्मा आई झाली. लग्न झालेले नव्हते. आपल्यापैकी काही जणींच्या भुवया उंचावल्या असतील, हे मी जाणून आहे. तेथेही उंचावल्या. मूल असलेली मुलगी संघात घ्यावयाची नाही, हा मास्तरांचाच नियम होता. ज्या माणसाने अर्ध्या तासाच्या झोपेला तीस फेऱ्या लावल्या, तो काय करील, असा कोणालाही प्रश्न पडला असता.

मास्तरांनी नियम बाजूला ठेवला. शाळा पुरी कर आणि महाविद्यालयात ये, तुझी जागा आहे, असे तिला कळविले. घरच्या माणसांनी बाळाचा भार उचलला. त्याच वर्षी शरद ऋतूत विल्मा नॅशव्हिलला दाखल झाली. मास्तरांनी तिला सवलत दिली ती एवढीच. सरावात नव्हे, अभ्यासातही नव्हे.

नियम करणे सोपे असते. कोणता नियम मुलीला उभी करण्यासाठी आहे, आणि कोणता तिला पाडून ठेवील, हे ज्याला ओळखता येते, तोच खरा शिक्षक.

दोनच वर्षांनी, १९६० साली, रोमच्या ऑलिंपिकमध्ये विल्माने १०० मीटर, २०० मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णपदके मिळविली. एकाच ऑलिंपिकमध्ये धावण्यात तीन सुवर्णपदके मिळविणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. रिलेत तिच्याबरोबर मार्था हडसन, ल्युसिंडा विल्यम्स आणि बार्बरा जोन्स होत्या. त्याही टेनेसी स्टेटच्याच. अमेरिकेच्या महिला संघाचे मार्गदर्शक टेंपलच होते. याच रोममध्ये त्याच आठवड्यात आपले मिल्खासिंग ४०० मीटरच्या शर्यतीत चौथे आले. त्यांची चुटपूट आपण अजून सांगतो. विल्माचीही गोष्ट त्याबरोबर सांगितली पाहिजे.

ती गावी परतली तेव्हा मिरवणूक निघणार होती. काळे-गोरे वेगवेगळे असतील तर मी येणार नाही, असे तिने सांगितले. त्या गावात काळे आणि गोरे एकत्र आलेला तो पहिला सार्वजनिक समारंभ. विल्माने १९६३ मध्ये पदवी घेतली आणि ती शिक्षिका झाली.

मास्तरांचे यश विल्मापुरते नव्हते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरमध्ये पहिली आली वायोमिया टायस आणि दुसरी एडिथ मॅग्वायर. दोघीही त्यांच्याच मुली. २०० मीटरचे सुवर्ण एडिथने घेतले. वायोमियाचे वडील ती पंधरा वर्षांची असताना वारले. जॉर्जियाच्या खेड्यातली ही अबोल पोर मास्तरांच्या उन्हाळी शिबिरात आली आणि १९६८ साली मेक्सिकोत तिने १०० मीटरचे सुवर्णपदक पुन्हा जिंकले. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये असे करणारी, स्त्रीपुरुषांत मिळून, ती पहिली. आणि त्याच वर्षी जी शर्यत बायकांना झेपत नाही म्हणून बंद केली होती, ती ८०० मीटरची शर्यत मास्तरांच्याच मॅडलिन मॅनिंगने जिंकली. वाद न घालता दिलेले उत्तर ते हे.

मास्तरांनी ४४ वर्षे हे काम केले आणि १९९४ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या हाताखालच्या ४० मुली ऑलिंपिकला गेल्या. त्यांनी २३ पदके आणली, त्यांतली १३ सोन्याची. पण मला याहून मोठा वाटतो तो दुसरा आकडा. या ४० मुलींपैकी ३९ जणींनी पदवी घेतली. यांतल्या पुष्कळ जणींच्या घरी त्यापूर्वी कोणी महाविद्यालयाचे तोंड पाहिले नव्हते. शिष्यवृत्तीही कित्येक वर्षे नव्हती. मुली रोज महाविद्यालयातच काही तास काम करून फी भागवीत. शर्यत दार उघडील, पण आत टिकावयाचे तर शिक्षण पाहिजे, हा मास्तरांचा धडा. त्यांच्यामागून संघाची सूत्रे हाती घेतली, तीही त्यांच्याच शिष्येने, चँड्रा चीझबरोने. २०१५ साली नॅशव्हिलमध्ये मास्तरांचा पुतळा उभारला गेला. २०१६ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

भगिनींनो, आपण म्हणाल, नॅशव्हिल कोठे आणि आपण कोठे! पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मुंबईची मेरी डिसोझा आणि बंगालची नीलिमा घोष या आपल्या मुली धावल्या होत्या. भारतातर्फे ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या दोघी. तेथेच अमेरिकेच्या रिलेत मे फॅग्ज ही पुढे टेंपल यांची शिष्या झालेली मुलगी सुवर्णपदक घेऊन गेली. म्हणजे आपल्या आणि त्यांच्या मुली एकाच मैदानावर होत्या. अंतर पडले ते नंतर. त्यांच्या मुलींमागे वर्षानुवर्षे एक माणूस उभा राहिला.

माझ्या चोवीस वर्षांत मी एक गोष्ट पाहिली. पाचवी-सहावीत वाऱ्यासारखी धावणारी मुलगी नववीत मैदानावर दिसत नाही. विचारले तर आई म्हणते, "बाई, आता पुरे झाले. संध्याकाळी कोण सोडणार, कोण आणणार? उन्हाने काळवंडली तर?" या आया वाईट नव्हत्या. त्यांना काळजी होती, आणि सोबत नव्हती. मुलीचे पाय थांबतात ते बहुधा या सोबतीअभावी.

आपल्या मंडळाजवळ पैसा थोडा आहे, पण सोबत पुष्कळ आहे. म्हणून माझी विनंती आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी आपल्यापैकी दोघी-दोघींनी पाळीने मैदानावर जाऊन बसावे. विणकाम घेऊन बसा, भाजी निवडीत बसा, पण मुलींच्या नजरेसमोर बसा. ज्यांना घरून जोडे घेता येत नाहीत, त्यांच्यासाठी मंडळाच्या निधीतून वर्षाला चार जोड घ्यावेत. आणि कोणा मुलीच्या आयुष्यात काही अडचण आली, लग्न लवकर ठरले, घरी आजारपण आले, काही घडू नये ते घडले, तर तिचे नाव हजेरीपटावरून खोडण्यापूर्वी तिच्या घरी जाऊन यावे. टेंपल मास्तरांनी विल्माला जागा राखून ठेवली, तशी आपणही एक जागा राखून ठेवू.

ऑलिंपिकचे पदक आपल्या आळीत येईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण नववीतली मुलगी दहावीतही मैदानावर दिसेल, एवढे आपल्या हातात खास आहे. पाळीची वही मी बरोबर आणली आहे. सोमवारच्या रकान्यात पहिले नाव माझे आहे. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. चहापानाच्या वेळी ती वही आपल्याकडे येईल.