कीटोनची बाटली, कॉफीचा चमचा आणि भिगवण रोड

रानात गेलं की रेंज जाते आणि भाग अर्ध्यात अडकतो, अशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार आहे. म्हणून आजचं बोलणं जवळपास जसंच्या तसं इथं लिहून देतोय.

दीड महिन्यापूर्वी इंदापूरहून चुलतभावाचा फोन आला. वय 19, वजन 60 किलो, डोक्यात चोवीस तास सायकल. म्हणाला, "दादा, नऊ हजार पाहिजेत. तात्यांना सांगू नको." मला वाटलं टायर गेले असतील. तर म्हणे, "टायर नाय रं, कीटोन." रीलमध्ये बघितलेलं. तीन बाटल्या. उसाचं बिल अजून जमा व्हायचंय, आणि याला जिल्ह्याच्या निवडीआधी हे प्यायचंय.

त्याचंही चूक नाही. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, 437 किलोमीटरची, आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर परदेशी संघ पळाले. ते बघून आमच्या कऱ्हाटीत पोरांना वेड लागलंय. आणि मोठे संघ कीटोन पितात हे खरंच आहे. 2019 च्या टूर द फ्रान्सच्या वेळी जंबो-विस्मा संघानं ते उघड सांगितलं होतं.

आता कीटोन म्हणजे काय? आपण बराच वेळ उपाशी राहिलो की शरीरातली साखर कमी पडते, मग यकृत चरबीपासून एक पर्यायी इंधन बनवतं. तेच कीटोन. (एकादशीच्या उपवासानं बनत असेल असं वाटत असेल तर थांबा. साबुदाण्याची खिचडी, रताळं, बटाटा खाल्ल्यावर कसलं कीटोन! तो सगळा पिष्ट पदार्थ.) बाटलीतलं कीटोन उपाशी न राहता थेट रक्तात चढतं. कल्पना अशी की स्नायूंनी ते जाळायचं आणि साखर शेवटच्या चढासाठी शिल्लक ठेवायची.

2016 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 8 सायकलपटूंवर प्रयोग केला. तासभर दमवल्यानंतर अर्ध्या तासाची चाचणी घेतली. कीटोन प्यायलेले सरासरी 411 मीटर पुढं गेले, म्हणजे साधारण 2 टक्के. झालं, सगळीकडं गाजावाजा. पण पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात वेगळ्या प्रकारचं कीटोन व्यावसायिक सायकलपटूंना दिलं, तर ते जवळपास 2 टक्क्यांनी हळू झाले, वर मळमळ आणि पोटात गडबड. 2023 मध्ये कॅनडात 23 जणांना 20 मिनिटांच्या चाचणीला बसवलं, तिथं कीटोन घेतल्यावर ताकद 2.4 टक्क्यांनी घटली. आणि 2025 मध्ये जागतिक सायकलिंग संघटनेनं, म्हणजे यूसीआयनं, सरळ सांगितलं की फायद्याचा पटण्यासारखा पुरावा नाही, आम्ही याची शिफारस करत नाही. बंदी नाही, पण शिफारसही नाही. सरावानंतर थकवा भरून यायला मदत होते का, यावर वाद चालू आहे. पण नऊ हजारांत दोन चांगले टायर, ट्यूब आणि चेन येते, आणि त्याची चेन मी बघितलीय.

कॅफीनचं मात्र वेगळं. त्याचा पुरावा भक्कम आहे. दमल्यावर मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठतं, ते "बस कर आता" असं सांगतं. कॅफीन त्याच्या जागेवर जाऊन बसतं, त्यामुळं दम लागला तरी तेवढा जाणवत नाही. किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम, स्पर्धेच्या तासभर आधी, असा अभ्यासांचा हिशोब आहे. 2004 पासून ते बंदीच्या यादीतही नाही. 60 किलोच्या पोराला 180 मिलिग्रॅम पुरे. इन्स्टंट कॉफीच्या एका चमच्यात, म्हणजे 2 ग्रॅममध्ये, साधारण 60 मिलिग्रॅम असतं. टपरीवरच्या कटिंगमध्ये 20-30. म्हणजे तीन चमचे कॉफी, खर्च चहापाण्याइतका.

पण इथं माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण मी पण असाच शहाणा होतो. तीन वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या सकाळी उपाशीपोटी दोन चमचे कॉफी, वर कुणीतरी दिलेल्या प्री-वर्कआउट पावडरचा एक स्कूप, आणि निघताना एनर्जी ड्रिंकचा कॅन. पावडरीच्या डब्यावर बारीक अक्षरात 300 लिहिलेलं, ते मी घरी आल्यावर वाचलं. 120 अधिक 300 अधिक 75, झाले 495. मी 62 किलोचा. किलोमागे 8. भिगवण रोडला हात थरथरायला लागले, छातीत ढोल. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर. ब्रेक वेळेत दाबता आला नाही म्हणून मी साइडपट्टीवरून खाली, बाभळीत. ट्रॅक्टरवाला थांबला, काटे काढायला मदत केली आणि म्हणाला, "पावणं, सकाळी न्याहारी करत जावा."

डोस वाढवला की फायदा वाढत नाही, त्रास वाढतो. कुणाचं कॅफीन शरीर लवकर निचरा करतं, कुणाचं हळू. दुपारी घेतलेलं रात्रीची झोप खातं, आणि सराव मुरतो तो झोपेतच. ज्यांना बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडूच नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी कीटोनपासून तर लांबच राहा. आणि उघड्या डब्यातली, कुणाच्या तरी जिममधली पावडर नकोच. आत काय मिसळलंय ते तुम्हाला माहीत नसतं, पण नाडाच्या चाचणीत सापडलं तर जबाबदार तुम्हीच.

आता गंमत ऐका. 2006 मध्ये एका प्रयोगात सायकलपटूंना सांगितलं, आज कॅफीन नाही, आज मध्यम, आज जास्त. प्रत्यक्षात तिन्ही वेळा काहीच दिलं नव्हतं. तरी "जास्त" म्हटल्यावर ताकद 3.1 टक्क्यांनी वाढली, आणि "आज नाही" म्हटल्यावर 1.4 टक्क्यांनी घटली! हे वाचल्यावर मी भावाला नऊ हजार दिले नाहीत, पण एक पैज लावली.

डीकॅफची छोटी बाटली ऑनलाइन मागवली. दर रविवारी तो पालखी मार्गानं इंदापूर ते बेलवाडी जातो, तीच सायकल, तीच वेळ. तासभर आधी दोन केळी आणि काळी कॉफी. कॉफी काकू करते, कधी खरी, कधी डीकॅफ, आणि त्याला सांगत नाही. वाटेत गूळ-शेंगदाणा आणि मीठ-लिंबाचं पाणी, कारण दोन तासांच्या वर गेलं की साखर संपणं हाच खरा अडथळा असतो, कॉफी त्याला काही करू शकत नाही.

पहिल्या रविवारी आल्या आल्या म्हणाला, "दादा, आज खरी होती, पाय नुसतं उडत होतं." दुसऱ्या रविवारी तोंड पाडून, "आज डीकॅफ." काकू दोन्ही वेळा नुसती हसली. तारीख आणि कोणती कॉफी हे ती वहीत लिहिते आणि वही ज्वारीच्या डब्यात ठेवते. वेळा माझ्या मोबाइलमध्ये आहेत. चार रविवार झालेत, आठ झाले की डबा उघडायचा. तात्यांना यातलं अजून काही माहीत नाही, ते विचारतायत की रविवारी सकाळी घरात एवढी कॉफी कोण पितंय.